सोलापूरच्या थंडीत फिरायला येताय? आधी दुपारचे कपडे ठरवा

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "मावशी, तिकडं थंडी आहे का? स्वेटर आणू का?" याला हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी पंचाईत. मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघून सकाळी सोलापूर स्टेशनवर उतरणाऱ्याला प्लॅटफॉर्मवरच हुडहुडी भरते. तोच माणूस दुपारी एक वाजता नवी पेठेत घामाघूम होऊन उसाचा रस शोधत असतो आणि रात्री नऊला जेवून बाहेर पडल्यावर पुन्हा हात खिशात घालतो.

सोलापूरची थंडी दिवसभराची नसते, ठरावीक तासांची असते. सूर्य उगवण्याआधीचे दोन तास, उगवल्यानंतरचा तास-दीड तास आणि रात्री आठनंतरचा वेळ. मधल्या वेळेत ऊन असतं, आणि ते सोलापूरचं ऊन असतं. म्हणून थंडीचे कपडे आधी निवडून त्यात दुपार कशी भागवायची हा विचार करू नका. उलट्या बाजूनं सुरुवात करा. दुपारी अंगावर काय असणार ते आधी ठरवा. त्यावर सकाळ-रात्रीसाठी काय चढवायचं ते नंतर, आणि काढलेलं सामान दिवसभर कुठं ठेवायचं ते सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं याच क्रमानं सांगते.

हवा ओळखा

सोलापूर समुद्रापासून लांब, दख्खनच्या पठारावर आहे. पाऊस संपला की हवेतला दमटपणा झपाट्यानं कमी होतो आणि आभाळ निरभ्र होतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सोडून देते, आणि ती धरून ठेवायला वर ना ढग असतात ना हवेत बाष्प. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा साधारण २९ ते ३१ अंशांवर जातो आणि पहाटे १५ ते १७ पर्यंत उतरतो. एकाच दिवसात चौदा-पंधरा अंशांचा फरक. मुंबईकराच्या अंगाला याची सवय नसते, कारण तिथं समुद्र हा फरक कमी करतो. पुणेकराला पहाटेचा गारठा ओळखीचा असतो, पण दुपारच्या उन्हाला तो फसतो.

हा झाला सरळ दिवस. लहरी दिवस दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार उत्तरेच्या वाऱ्याचा. हिमालयात बर्फ पडून गेल्यावर तिकडची गार, कोरडी हवा खाली सरकते आणि पारा दहाच्या आसपास येतो. असे दिवस सलग तीन-चार येतात आणि मग ओसरतात. त्या दिवसांत दुपारीसुद्धा सावलीत गारवा जाणवतो आणि वारा बोचतो.

दुसरा प्रकार ढगाळ हवेचा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झालं की त्याचे ढग सोलापूरपर्यंत पोचतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रातली थंडी काही दिवस गायबच झाली. आभाळ भरलेलं, रात्री उकाडा, आणि कुठं कुठं पाऊससुद्धा. अशा दिवशी पहाटे स्वेटर नको होतो, पण अंगावर चार थेंब पडून वारा सुटला की एकदम काकडायला होतं. ढग गेले की पुढच्या दोन-तीन दिवसांत थंडी परत येते, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त.

अंदाज बघताना नुसता कमाल आकडा बघू नका. हवामान खात्याच्या अंदाजात किमान तापमान आणि आभाळाची स्थिती या दोन गोष्टी वाचा. आदल्या रात्री गच्चीवर किंवा लॉजच्या दारात जाऊन वर बघितलं तरी बरंच कळतं. चांदण्या लख्ख दिसत असतील आणि वारा पडलेला असेल तर पहाट गार असणार. चांदण्या पुसट असतील किंवा आभाळ झाकलेलं असेल तर जाड कपडे खोलीवर राहू द्या आणि छत्री घ्या.

महिन्याचाही फरक पडतो. दिवाळीनंतरची थंडी कोवळी असते. खरा कडाका डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा गेला की सोलापूर उन्हाळ्याच्या वाटेला लागतं. तेव्हा येणार असाल तर एक पातळ शाल पुरे, बाकी सगळी तयारी उन्हाची करा.

पहिला थर : दुपारी एक वाजता अंगावर काय असेल?

सुती. याला पर्याय नाही. अंगाला लागून असणारा कपडा सुती आणि नुसता तोच घालून चारचौघांत वावरता येईल असा हवा. इथंच बहुतेकांची गल्लत होते. स्वेटर घालणारच आहे म्हणून आत जुना टी-शर्ट किंवा विटलेला कुर्ता घातला जातो, आणि मग अकरा वाजता स्वेटर काढायची वेळ आली की काढता येत नाही. दिवसभर घामानं भिजत राहायचं आणि संध्याकाळी त्याच ओल्या कपड्यावर वारा घ्यायचा. अंग गारठतं ते असं, थंडीमुळे कमी आणि अंगावर वाळणाऱ्या घामामुळे जास्त.

पुरुषांसाठी सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा खादीचा कुर्ता. पूर्ण बाह्या अशासाठी की दुपारी दुमडता येतात आणि संध्याकाळी सोडता येतात. थर न वाढवता ऊब कमी-जास्त करण्याची ही सगळ्यात सोपी सोय आहे. बाह्यांचा बनियन असेल तर पहाटे त्याचा उपयोग होतो, पण दुपारी तो त्रास देतो. माझं मत बिनबाह्यांच्या बनियनच्या बाजूनं.

बायकांसाठी सुती पंजाबी ड्रेस किंवा कुर्ता आणि सुती ओढणी. ओढणी शिफॉनची नको, ती ना ऊब देते ना ऊन अडवते. दोन-अडीच मीटरची सुती ओढणी मात्र सकाळी गळ्याभोवती, दुपारी डोक्यावर आणि धुळीत नाकावर, अशी तिन्ही वेळा कामाला येते. साडी नेसणार असाल तर सुती किंवा इरकल नेसा आणि ब्लाउज कोपरापर्यंत बाह्यांचा घाला. सिंथेटिक साडी इथल्या कोरड्या हवेत पायाला चिकटते. रात्री ॲक्रिलिकचा स्वेटर काढताना केस उभे राहतात आणि चटचट आवाज येतो ना, त्याचं कारणही हेच : कोरडी हवा आणि कृत्रिम धागा.

खालच्या अंगाला जाड जीन्स टाळलेली बरी. पहाटे ती गार लागते, दुपारी तापते आणि भिजली तर लवकर वाळत नाही. मध्यम जाडीची सुती पँट किंवा सलवार पुरेशी. कडाक्याच्या दिवसात टू-व्हीलरवर फिरणार असाल तर आत पातळ लेगिंग घाला, पण ती पटकन काढता येईल अशी जागा दिवसात कुठं मिळणार हे आधी बघून ठेवा. मिळणार नसेल तर घालू नका.

रंगाबद्दल एक. काळा आणि गडद निळा रंग सोलापूरच्या दुपारी अंगाला भाजतो. संक्रांतीला काळं नेसायची हौस असेल तर जरूर नेसा, ती परंपरा ऊब धरणाऱ्या रंगाचीच आहे. मात्र त्या दिवशी दुपारचं फिरणं उन्हातून नको.

दुसरा थर : स्वेटर पुढून उघडणारा हवा

जाड, डोक्यातून घालायचा स्वेटर या गावात कामाचा नाही. तो काढताना चष्मा निघतो, अंबाडा सुटतो, गजरा विस्कटतो, आणि रिक्षात बसल्या बसल्या तर काढताच येत नाही. बटणाचा किंवा चेनचा स्वेटर घ्या. उन्हं चढायला लागली की आधी दोन बटणं उघडायची, मग सगळी, मग बाह्यांतून हात काढून खांद्यावर टाकायचा. ऊब अशी टप्प्याटप्प्यानं कमी करता आली की अंग घामेजत नाही.

जाडी किती? एक पातळ लोकरी स्वेटर आणि एक बिनबाह्यांची बंडी किंवा जाकीट, या दोन वेगळ्या वस्तू एका जाड स्वेटरपेक्षा जास्त उपयोगी पडतात. दोन पातळ कपड्यांच्या मधे अडकलेली हवा ऊब धरते, आणि गरज संपली की त्यातला एकच काढता येतो. सरळ दिवशी यातली एकच वस्तू पुरते. उत्तरेचा वारा असेल तेव्हा दोन्ही.

शाल विसरू नका. शाल पहाटे खांद्यावर, गाडीत पांघरायला, देवळात डोक्यावर पदरासारखी आणि बाकावर बसताना खाली अंथरायला, सगळीकडे चालते. घडी करायची पद्धत तेवढी सांगते, कारण शाल बॅगेत कोंबली की ती अर्धी बॅग खाते. शाल लांबीत चार पदरी करा, मग एका टोकापासून घट्ट गुंडाळत या आणि शेवटची वीत उलटी दुमडून त्या वळकटीवर टोपीसारखी ओढून घ्या. हाताच्या पंज्याएवढी गुंडाळी होते आणि सुटत नाही. खांद्याच्या कापडी पिशवीत तळाशी ठेवली की दिवसभर जाणवतही नाही.

घोंगडीबद्दल बरेच जण विचारतात. सांगोला-मंगळवेढ्याकडची मेंढीच्या लोकरीची घोंगडी ही खरोखर उबदार वस्तू आहे, चार थेंब पडले तरी पाणी पटकन आत जाऊ देत नाही. पण ती शेतात राखणीला बसणाऱ्याची, रात्री उघड्यावर झोपणाऱ्याची. शहरात फिरताना ती जड होते आणि अंगाला टोचते. विकत घ्या, घरी न्या, अंथरा-पांघरा. अंगावर घेऊन नवी पेठेत हिंडायला ती नाही.

वारा : थर्मामीटर जे सांगत नाही ते

सकाळी सात वाजता पायी चालणाऱ्याला जी थंडी सोसवते, तीच टू-व्हीलरवर बसल्यावर झोंबते. सोलापुरात पाहुण्यांची ने-आण बहुतेक वेळा घरच्या गाडीवर मागे बसवूनच होते, त्यामुळे हा भाग नीट वाचा. विजापूर रोड, होटगी रोड, तुळजापूर रोड असे मोकळे रस्ते लागले की दोन्ही बाजूंनी वारा येतो. तिथं लोकरीचा स्वेटर एकटा पुरत नाही, कारण विणकामाच्या भोकांतून वारा आरपार जातो. त्यावर वारा न शिरणारं काहीतरी हवं. पातळ विंडचीटर चालेल, जर्किन चालेल, काहीच नसेल तर पावसाळ्यातला रेनकोटचा वरचा भागसुद्धा चालेल. वजनाला काही नाही आणि ढगाळ दिवशी पावसालाही तोच उपयोगी.

रिक्षात दारं नसतात. तीन जण बसलात तर मधे ज्येष्ठांना बसवा, कडेला तरुणांनी बसावं.

आता एक काळजीची गोष्ट. ओढणी, मफलर, शाल, साडीचा पदर, यातलं काहीही टू-व्हीलरवर मोकळं सोडू नका. मागच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकून झालेले अपघात आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यात आहेत. मफलर गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं जर्किनच्या आत घाला. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढं घेऊन कमरेशी गाठ मारा किंवा सरळ काढून पिशवीत टाका. साडीचा पदर कमरेला खोचा, निऱ्या आवरून घ्या आणि साडीगार्ड असलेल्या गाडीवरच बसा. काढलेला स्वेटर कमरेला बांधून गाडीवर बसायची सवय असते, तीही सोडा. बाह्यांची गाठ सैल होते आणि स्वेटर चाकाकडे सरकतो.

कान, ओठ, टाचा

कान झाकले की निम्मी थंडी कमी वाटते. ज्येष्ठांसाठी कानटोपी, तरुणांसाठी सुती रुमाल किंवा मफलर. हेल्मेट घालत असाल तर आत पातळ सुती टोपी घाला, घाम टिपला जातो.

दुपारसाठी मात्र वेगळी टोपी हवी. हिवाळ्यात ऊन लागत नाही या समजुतीत राहू नका. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळत नाही आणि तिसऱ्या प्रहरी डोकं दुखायला लागतं. कडेची सुती टोपी, गांधी टोपी, उपरणं, काहीही, पण डोकं झाकलेलं असू द्या आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

ओठ आणि टाचा इथं दोन दिवसांत फुटतात. झोपताना ओठांना साजूक तूप किंवा कोकमाचं तेल, टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून सुती मोजे घालून झोपा. ही गोष्ट कपड्यांच्या यादीत अशासाठी घेतली की फुटलेल्या टाचांनी देवळाच्या दगडी फरशीवर चालणं फार त्रासाचं असतं.

पायात काय घालायचं

सोलापूरच्या सहलीत देवळं येणारच. श्री सिद्धेश्वरांचं मंदिर, रूपाभवानी, पुढं अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर. म्हणजे दिवसात पाच-सहा वेळा चप्पल काढायची. लेसचे बूट घालून आलात तर प्रत्येक ठिकाणी वाकून बसावं लागेल. पट्ट्याची सँडल किंवा पाय सरळ आत जाणारे बूट घ्या.

मोजे दोन जोड जवळ ठेवा, दोन्ही सुती. पहाटेच्या दर्शनाला दगडी फरशी बर्फासारखी लागते, विशेषतः सिद्धेश्वर मंदिर तलावाच्या मधोमध असल्यामुळे तिथल्या फरशीत आणि वाऱ्यात पाण्याचा गारवा असतो. मोजे घालून चाललं तरी सभामंडपात ओल्या जागा असतात, म्हणून दुसरा जोड. दुपारी उलटं होतं, उघड्यावरची तीच फरशी तापते. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका लवकर कळत नाही, त्यांनी भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा टाळावी किंवा मोजे घालूनच करावी.

कुठं जाणार त्यावर थोडा बदल

शहरातल्या शहरात फिरणार असाल, म्हणजे भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, चार हुतात्मा पुतळा, डॉ. कोटणीस स्मारक, मग चाटी गल्लीत खरेदी, तर वर सांगितलेली जोडणी तशीच चालते. किल्ला सकाळी नऊ ते अकरा किंवा चारनंतर बघा, स्वेटर हातात घेऊन हिंडावं लागत नाही.

कंबर तलावाला पक्षी बघायला पहाटे जाणार असाल तर पाण्याच्या काठचा गारवा धरून एक थर जास्त घ्या.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाणार असाल तर कपड्यांचा वेगळा विचार करायला हवा. उघडा माळ, आडोसा नाही, आणि प्राणी बघायचे तर पहाटेच पोचायचं. शहरापेक्षा तिथं थंडी जास्त लागते. पण तिथं लोकरी स्वेटर बाहेरच्या बाजूला घालू नका. वाळलेल्या गवताची कुसळं लोकरीत शिरतात. कुसळाचं टोक बारीक आणि टोकदार असतं, त्यावर मागच्या दिशेनं वळलेले केस असतात, त्यामुळे ते चालता चालता पुढंच सरकतं, मागं येत नाही. घरी आल्यावर एकेक उपटत बसावं लागतं, आणि राहिलेलं एखादं पुढच्या थंडीत मानेला टोचतं. वर गुळगुळीत कापडाचं जर्किन, खाली घट्ट विणीची सुती पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट. रंग मातकट, खाकी किंवा फिका हिरवा. पांढरे आणि भडक कपडे बघून काळवीट लांबूनच निघून जातात.

हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा मराठी शिलालेख बघायला बरेच जण जातात. नदीकाठ आहे, सकाळी गार आणि दुपारी सावली कमी. टोपी हवीच.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर, सोलापूरपेक्षा उंचावर. पहाटेच्या पूजेला जाणार असाल तर सोलापुरात लागते त्यापेक्षा जास्त तयारीनं जा. दर्शनाच्या रांगेत मात्र गर्दीनं उकडतं, म्हणून इथंही पुढून उघडणारा स्वेटर. पंढरपूरला चंद्रभागेत स्नान करणार असाल तर कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड, सोलापुरी टॉवेल आणि स्नानानंतर लगेच कानाला गुंडाळायला रुमाल.

हुरड्याला जाताना नायलॉन नको

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला येऊन हुरडा न खाता जाणं म्हणजे येणं फुकट. शिवारात सकाळी लवकर पोचायचं, आगटीभोवती बसायचं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं हातावर चोळून दिली जातात, आणि बरोबर शेंगाचटणी, दही, गूळ.

आगटीत ठिणग्या उडतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जर्किनवर ठिणगी पडली की क्षणात भोक पडतं, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. लहान मुलांना तर असे कपडे घालून आगटीजवळ अजिबात बसवू नका. लोकर चटकन पेट घेत नाही. घोंगडीची खरी जागा इथं आहे, खाली अंथरून बसायला आणि खांद्यावर घ्यायला. वारा अडवायला आणलेलं जर्किन गाडीतच राहू द्या. ओढणीची टोकं आवरून बसा.

बाह्या लांब हव्यात. कणसं चोळताना बारीक भूस उडतं आणि ते मनगटाला, मानेला खाजतं. धुराचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो, म्हणून त्या दिवशी साधे, धुता येतील असे कपडे. चामडी चप्पल नको, ज्वारीच्या शेतात दव असतं आणि कापलेल्या ताटांचे बुडखे पायाला लागतात. बूट घाला.

गड्ड्याच्या दिवसांत येणार असाल तर

संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, हा सोलापूरचा सगळ्यात मोठा सण. भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न, दुसऱ्या दिवशी होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत हजारो भक्त पांढरी बाराबंदी घालून चालतात. बारा बंदांनी बांधलेला तो सुती अंगरखा बघितलात तर कळेल की या हवेला काय मानवतं : पूर्ण बाह्या, पांढरा रंग, आत वारा खेळायला जागा, आणि बंद सोडून सैल करायची सोय.

पाहुण्यांनी काय घालावं? अक्षता सोहळा दुपारच्या उन्हात असतो आणि गर्दी इतकी की हात वर काढायला जागा मिळत नाही. त्या दिवशी स्वेटर, शाल, मोठी पिशवी, यातलं काहीही बरोबर नेऊ नका. सुती कपडे, डोक्यावर टोपी किंवा उपरणं, पायात पट्टा असलेली चप्पल, बस्स. साधी चप्पल गर्दीत निघाली की परत मिळत नाही. मौल्यवान दागिने घरी. मिरवणुकीच्या मार्गावर तेल सांडलेलं असतं, तळवा गुळगुळीत असलेले बूट घसरतात.

होम आणि दारूकाम रात्री, होम मैदानावर, तलावाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. तेव्हा मात्र शाल आणि कानटोपी दोन्ही हवीत, कारण तासन् तास एका जागी उभं राहायचं असतं. धूळ आणि धूर दोन्ही असतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क लावावा आणि मैदानाच्या कडेला थांबावं. दारूकामाच्या वेळी सिंथेटिक कपडे नकोत, कारण वर हुरड्यात सांगितलंच आहे.

मुलं आणि ज्येष्ठ

लहान मुलांना आपण आपल्या थंडीवरून कपडे चढवतो. धावणारं मूल आपल्यापेक्षा आधी तापतं. त्याच्या मानेमागे आत बोटं घालून बघा : ओलसर लागलं तर एक थर काढा, गार लागलं तर चढवा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मान सांगते ते खरं. मुलांसाठी एक जादा बनियन पिशवीत ठेवा आणि अकराच्या सुमारास घामाचा बदला. आजी-आजोबांचं उलट आहे. त्यांना गारठा बसतो आणि ते लवकर सांगत नाहीत. त्यांच्या अंगावरचा स्वेटर ऊन नीट चढेपर्यंत काढू नका, आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी, म्हणजे साडेपाचलाच, पुन्हा घालायला द्या. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर गारवा भराभर उतरतो.

बॅग : दोन रात्रींसाठी एवढं पुरे

माणशी तीन सुती जोड, एक पातळ पुढून उघडणारा स्वेटर, एक बंडी किंवा जाकीट, एक शाल, एक विंडचीटर, कानटोपी किंवा मफलर, उन्हाची टोपी, तीन जोड सुती मोजे, रात्री घालायला सुती पायजमा आणि एक घडीची छत्री. छत्री ढगाळ दिवशी पावसाला आणि बाकी दिवशी उन्हाला. यापेक्षा जास्त आणू नका. कोरड्या हवेत कपडे पटकन वाळतात, सकाळी धुऊन गच्चीवर टाकलेला सुती शर्ट दुपारी हातात येतो.

वंदे भारतनं मुंबई किंवा पुण्याहून येणार असाल तर शाल बॅगेत न ठेवता हातात ठेवा. डब्यात एसी असतो आणि गाडी सोलापूरला रात्री पोचते, म्हणजे थंडीतून उतरून थंडीतच जायचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या स्लीपरमधून येणाऱ्यांनी कुर्डुवाडीच्या आसपास पहाटे वारा वाढेल हे धरून खिडकी झोपण्यापूर्वीच लावून घ्यावी.

बॅगेत थोडी जागा मात्र रिकामी ठेवा, कारण चादरी घेतल्याशिवाय कुणी जात नाही. १८७७ साली इथं पहिली सूतगिरणी उभी राहिली, जिला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो, तेव्हापासून हे गाव सुताचं आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चाटी गल्लीत गेलात की चादर उलटसुलट करून बघा : जॅकार्डवर विणलेली असल्यानं नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग तेवढे अदलाबदल होतात. एकाच बाजूला छापल्यासारखी नक्षी असेल तर ती सोलापुरी नाही. हातात धरल्यावर वजन लागलं पाहिजे आणि कापड सुती लागलं पाहिजे, सुळसुळीत नको. नावाला सोलापुरी म्हणून बाहेरची चादरही विकली जाते, म्हणून स्टेशनजवळ घाईत घेण्यापेक्षा एक तास काढून बाजारात जा. परतीच्या गाडीत त्यातलीच एक चादर काढून पांघरा, बाकीच्या बर्थखाली राहू द्या.